चहाला तिघं

ऑफिसात माझा प्रोग्राम कोसळला की साहेब म्हणतात, "गाणारा माणूस आहे, चालायचंच." सूर ढळला की गाण्याच्या बाई म्हणतात, "याचा जीव सगळा ताऱ्यांत." एकदा तर मी शुक्र समजून विमानावर दुर्बीण रोखली, तेव्हा आकाशनिरीक्षण मंडळाचे काका इतरांवरच डाफरले, "हसताय काय? मोठा प्रोग्रामर आहे तो!"

दहा वर्षं झकास चाललं होतं. आज माझ्या पन्नाशीला बायकोनं हौसेनं तिघांनाही एकदमच चहाला बोलावलं.

साहेबांनी बाईंना विचारलं, "काय, आमचा हा गातो कसा?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी साहेबांकडे.

"अहो, बाहेर या ना," बायको स्वयंपाकघरात डोकावली, "तुमच्याबद्दलच बोलताहेत!"

मी तोच चहा तिसऱ्यांदा गाळायला घेतला.