चार इंच

योगेंद्रनं जीपला नवे शॉकअप टाकले आणि गाडी चार इंच उचलून घेतली. "वावराची वाट खराब हाय, आई," एवढंच म्हणाला. तेव्हापासून सुलोचनाबाईंचा पाय काही गाडीत पोचेना. तळेगावच्या बहिणीकडे जाणं सुटलं. परवा तर नातीच्या साखरपुड्याला सारे गाडीत बसून गेले, त्या तेवढ्या ओट्यावर राहिल्या.

पोराला कशाला त्रास, म्हणून त्या ऑटोनं कारंज्याला, गाडी उचलून देणाऱ्या मिस्त्रीकडे गेल्या. "तानबा, गाडीले एक पायदान लावून देजो. योगेंद्रच्या ध्यानातच नाई आलं."

तानबानं हातातला पाना खाली ठेवला.

"म्या दोनच इंच उचलतो म्हटलं होतं, काकू.

त्यो म्हणे, दोन इंचात आई चढते."