काकांनी निवडलेला बँड

बुऱ्हाणपूरच्या म्युझिक फेस्टिवलमध्ये एकाच वेळी दोन स्टेजवर दोन बँड होते, आणि कोणता ऐकायचा यावरून शनवारा मोहल्ल्यातल्या चंदनचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. एक बँड बासरी-गिटार घेऊन हळुवार गाणारा, दुसरा नुसता किंचाळणारा. डोईफोडिया गावाहून आलेले त्याचे गोटूकाका म्हणाले, "यात काय सोचायचं? जो जास्त वरडतो, त्याच्याकडे चाल."

काका थेट स्टेजला चिकटून उभे राहिले आणि सगळी गाणी त्यांनी मोबाइलमध्ये भरून घेतली. आपल्या काकांना असलं संगीत कळतं, हे बघून चंदनचा ऊर भरून आला. तसं तो बोलून गेला, तर काका म्हणाले, "संगीत गेलं उडत. रानडुकरं रोज मका खाऊन राहिलीत. शेतात भोंगा लावून हेच वाजवतो, बघ कशी पळतात."

चार दिवसांनी चंदननं फोन करून विचारलं, "काका, पळाली का डुकरं?"

 

"कुठली पळतात बेटा. आधी मका खाऊन निघून तरी जायची, आता गाणी संपेपर्यंत थांबतात."