ताडपत्रीच्या आधी

सायलेन्सरला हात लावला होता का?

धक्क्यावर ट्रक उभा करून वासिल तेवढंच आठवत बसला होता. फेरीबोट अजून पलीकडच्या काठाला होती. सरोवर ओलांडलं की शहर, आणि शहरात दवाखाना. तिथे त्याची एकुलती एक लेक ताया सकाळपासून अडली होती.

आणि मागे, डोंगराच्या कुशीत, त्याची लाकूड कापायची फिरती गिरणी. गिरणीपासून हाकेच्या अंतरावर घर, आणि घरात एकटी म्हातारी आई. कानातलं यंत्र काढून ठेवून ती दिवेलागणीलाच झोपायची. मग उशाशी तोफ डागली तरी तिला पत्ता नसे. फोन करून उपयोग नव्हता. जवळचे शेजारीही उन्हाळाभर समुद्रावर गेलेले.

जूनपासून पावसाचा थेंब पडला नव्हता. रानात काडी ओढायलाही बंदी होती. अशा दिवसांत गिरणीचं इंजिन बंद केलं आणि घरी गेलं, असं चालत नाही. वासिलच्या बापानं क्रम घालून दिला होता. इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवून मग थांबवायचं. पेट्रोलची तोटी बंद करायची. पात्याचा ताण सैल करायचा. भुसा झाडून काढायचा. आणि मग समोरच्या ओंडक्यावर नुसतं बसून राहायचं. बाप तेवढ्या वेळात स्तोत्रं म्हणायचा आणि अधूनमधून उठून सायलेन्सरला उघडा तळहात टेकवून बघायचा. गार लागला तरच ताडपत्री टाकायची. भुसा कितीही झाडला तरी कुठल्यातरी फटीत उरतोच. तापलेलं लोखंड, भुसा आणि वरून ताडपत्री, म्हणजे आगीला आवतणच.

"घड्याळ बघू नकोस," बाप म्हणायचा. "हात सांगेल तेव्हा ऊठ."

आजही वासिल ओंडक्यावर बसला होता. खरं तर त्याचं कशातच लक्ष नव्हतं. पण सकाळी ल्यूबा, त्याची बायको, म्हणाली होती, "पहिलं बाळंतपण आहे, वेळ लागणार. तू येऊन नुसत्या येरझाऱ्या घालशील आणि आम्हालाच घोर लावशील. काम आटप आणि संध्याकाळी ये." म्हणून तो दिवसभर देवदाराच्या फळ्या कापत राहिला. मग इंजिन थांबवलं, तोटी, पातं, भुसा सगळं रीतसर केलं. बसला. उठून हात पुढे केला आणि त्याच क्षणी खिशातला फोन वाजला.

"वास्या, बाळाचे ठोके मंदावलेत," ल्यूबा रडत होती. "तिला आत नेतायत. तू निघ. आत्ताच्या आत्ता निघ."

त्यापुढचं धड काही आठवत नव्हतं. ट्रकची किल्ली, धुळीचा रस्ता, हा धक्का. स्टिअरिंगवर उजवा तळहात चुरचुरत होता. राळ लागली असणार, हात धुवायला सवड कुठे मिळाली होती?

बोट लागली. गाड्या चढवायची फळी धाडकन खाली पडली. बोटवाला ग्रिशा त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

"काय रे आजोबा!" तो ओरडला. "चढतोयस, की बोटच उचलून तुझ्यापाशी आणू?"

वासिलनं ट्रक हलवला नाही. "ग्रिशा, मला बहुतेक परत जावं लागेल."

"डोकं फिरलंय का तुझं? पोरगी तिकडे..."

"सायलेन्सरला हात लावला की नाही, आठवत नाहीये. आई घरात एकटी आहे रे."

ग्रिशानं खिडकीत डोकं घातलं. थट्टा थांबवून त्यानं विचारलं, "ताडपत्री टाकलीस का?"

वासिलनं डोळे मिटले. ताडपत्री. हो, ती लख्ख आठवत होती. तिचा निळा रंग. चारही कोपऱ्यांना दोर. शेवटची गाठ मारताना नख दुखावलं होतं.

"टाकली. बांधलीसुद्धा."

"मग झालं तर! हात लावल्याशिवाय तू आयुष्यात कधी ताडपत्री टाकलीयस? तुझ्या बापाचा लेक तू. चल, चढव ट्रक, शहाणा असशील तर."

वासिलच्या छातीवरचं ओझं उतरलं. खरंच होतं. हात, मग ताडपत्री. झोपेत उठवलं तरी त्याचे हात हा क्रम चुकणार नाहीत. त्यानं ट्रक बोटीवर घातला. पाण्याचा गार वारा लागला, तेव्हा बऱ्याच वेळानं त्याला मोकळा श्वास घेता आला. तायासाठी मात्र जीव टांगणीला लागलेलाच होता.

दवाखान्याच्या जिन्यातच ल्यूबा भेटली. ती रडत होती आणि हसत होती.

"नात झाली, वास्या! दोघी सुखरूप आहेत. ये, बघ तरी, ताया आतापासूनच वाद घालतेय, नाक कुणासारखं म्हणून."

वासिलला हुंदका आवरेना. खोलीत ताया उशीला टेकून पडली होती, पांढरीफटक, पण हसत. ल्यूबानं दुपट्यात गुंडाळलेला जीव उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"घे की. घाबरतोस काय?"

त्यानं दोन्ही हात पसरले.

ल्यूबा थबकली. तिनं बाळ तसंच छातीशी मागे घेतलं.

"अगं बाई! हे कुठे भाजून घेतलंस?"

वासिलनं खाली पाहिलं. उजव्या तळहातावर लालभडक पट्टा उमटला होता, आणि त्याच्या मधोमध टपोरा फोड.

"ल्यूबा, फोन," तो कसाबसा म्हणाला. "आगीचा बंब बोलाव. आई घरात आहे."

हात लावला होता. हातानं सांगितलंही होतं.