हॅवरिंग्टनांकडची सोयरीक

“अजून सांगितलं नाहीस आबांना?” अंतराने हातातली पिशवी ओट्यावर आपटली. “आई, ते लोक जेवायला येतायत!”

“सांगते गं. चक्का तरी फेटू दे आधी.” सुजाताने जमइया या सहकारी दुकानातून आणलेलं लबने, म्हणजे अरबी चक्काच, श्रीखंडासाठी पातेल्यात ओतलं.

कुवेतमधल्या एगैलाच्या त्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी सकाळपासून लग्नघरासारखी धांदल चालली होती. अंतराने स्वतःच पसंत केलेला मुलगा, टॉम, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. त्याचे वडील ह्यूगो बोलणी करायला खास इंग्लंडहून आले होते. मुलाला नाव ठेवायला जागा नव्हती. उंच, हसरा, आणि कुवेतच्या उन्हाने इतका रापलेला की चारचौघांत आपल्यातलाच वाटावा. अडचण होती ती आडनावाची.

हॅवरिंग्टन.

टॉमचे खापरपणजोबा लॉर्ड हॅवरिंग्टन आपल्याकडे इलाख्याचे गव्हर्नर होते. हे कळल्यापासून अंतराचा धाकटा भाऊ अथर्व मोबाइलवर त्यांच्याविषयीच वाचत होता.

“बाबा, लिसन! किल्ल्याएवढं घर. पदरी चाळीस घोडे. उन्हाळाभर महाबळेश्वरला पार्ट्या. तीन मुली. थोरली ड्यूकला दिली, मधली कुठल्याशा जनरलला, धाकटी बिअ‍ॅट्रिस चित्रं काढायची. आणि मग एकदम रिझाइन करून इंग्लंडला परत. तब्येतीचं कारण.”

“आपल्या विठ्ठलकाकांचा धसका घेतला असेल,” उल्हास आतल्या खोलीकडे बघत हळूच म्हणाला.

विठ्ठल इंगवले म्हणजे आबांचे सख्खे चुलते. ऐन विशीत त्यांनी महाबळेश्वरच्या घोड्यांच्या शर्यतीत याच गव्हर्नरवर गोळी झाडली होती. गोळी टोपीला चाटून गेली. विठ्ठल पकडला गेला आणि खटला उभा राहायच्या आतच कोठडीतून नाहीसा झाला. सरकार म्हणालं, पळाला. इंगवल्यांनी ते कधीच मानलं नाही. पळाला असता तर आईला एकदा तरी तोंड दाखवलं असतं. गव्हर्नरने त्याला गुपचूप मारून दरीत टाकला, असंच साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात सगळे म्हणत. आबा तर मुलाकडे कुवेतला राहायला आल्यावरही काकाचं श्राद्ध चुकवत नसत.

“कोण येणार आहे म्हणालात?”

आबा दारात उभे होते. ऐंशीचे, ताठ, इस्त्रीचा सदरा घातलेले. सुजाताने अंतराकडे पाहिलं. अंतराने एका दमात सांगून टाकलं. मुलगा, त्याचे वडील, आडनाव, सगळं.

आबा खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

“झालं!” अंतराचे डोळे भरून आले. तेवढ्यात बेल वाजली.

पाहुणे येऊन बसले. ह्यूगो साठीचे, किडकिडीत. सारखे घड्याळाचा पट्टा फिरवत होते. टॉम अंतराकडे बघून भुवयांनीच विचारत होता, काय झालं? उल्हास उगाच हवेबद्दल बोलत राहिला. मग आतलं दार उघडलं.

आबा फेटा बांधून आले होते.

ते थेट ह्यूगोंसमोर उभे राहिले आणि मामलेदारीत कमावलेल्या खणखणीत इंग्रजीत म्हणाले, “तुमच्या पणजोबांनी माझा काका मारला. मी जन्मभर तुमच्या घराण्याला शिव्या घातल्या.”

टॉमचा चेहरा पडला. ह्यूगो उठून उभे राहिले.

“पण आत बसून विचार केला,” आबा पुढे म्हणाले. “काकानं गोळी परक्या राजवटीवर झाडली होती. या पोरावर नाही. पोर माझ्या नातीला सुखात ठेवणार असेल, तर वैर इथंच मिटलं. सुजाता, साखर आण. साखरपुडा आजच!”

अंतरा किंचाळत आबांच्या गळ्यात पडली. अथर्वने शिट्टी मारली. उल्हासला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. आबांनी स्वतः चिमूटभर साखर टॉमच्या तोंडात घातली.

ह्यूगो मात्र अजून उभेच होते. त्यांचे डोळे पाणावले होते.

“सर, मला एक सांगायचं होतं. म्हणून तर फोनवर न बोलता मी स्वतः आलो. टॉमलाही अजून सांगितलेलं नाही.” त्यांनी घड्याळाचा पट्टा सोडला. “तुमच्या काकांना कुणी मारलं नाही. कोठडीचं दार बिअ‍ॅट्रिसने उघडलं. गव्हर्नरच्या धाकट्या मुलीने. माझ्या आजीने.”

अथर्वने मोबाइल खाली ठेवला.

“दोघं गोव्याहून पोर्तुगीज बोटीने निघून गेली. लिस्बनला लग्न केलं. पणजोबांनी बदनामीच्या भीतीने सगळं दाबलं आणि पद सोडलं. जावयाला अट घातली, की आडनाव आमचं लावायचं आणि गावाशी संबंध तोडायचा. नाहीतर फाशी. तुमचे काका स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधी गेले. माझे वडील त्यांचा एकुलता एक मुलगा. टॉमने अंतराचं आडनाव आणि गाव सांगितलं, तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना.”

“काका जगला?” आबांनी ह्यूगोंचे दोन्ही खांदे पकडले. “त्याचं लग्न झालं? पोरंबाळं झाली?” आणि त्यांनी ह्यूगोंना करकचून मिठी मारली. फेटा सुटून खांद्यावर आला, त्याचंही त्यांना भान नव्हतं. “उल्हास, अरे आपला काका जगला! बघतोस काय, ये इकडे! हा परका नाही रे, हा आपल्या भावकीतला. हा तुझा भाऊ! आणि हा पोरगा...”

त्यांनी टॉमला हाताला धरून जवळ ओढलं. बोटांवर पिढ्या मोजता मोजता त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

“हा आपल्या अंतराचा भाऊ.”