रेष लाल असेपर्यंत

कामाची पाळी संपत आली की त्या खोलीत कुणी पडद्याकडे बघत नसे. बघायचंच काम, त्याचाच पगार. पण शेवटी शेवटी कुणी बूट शोधतंय, कुणी डबा धुतंय, कुणी छताकडे तोंड करून आळस देतंय. कारण एकच. लाल रेष ज्याला आधी दिसेल, त्याने ती हिरवी केल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. मागे एक जण तशीच सोडून गेला होता. त्याला परत कुणी कामावर बोलावलं नाही.

तिने मात्र पाहिलं. सवयच मेली वाईट. भिंतीभर पडद्यावर रेषाच रेषा, आणि एकेक रेष म्हणजे माहितीची ये-जा व्हावी म्हणून संगणकांच्या जाळ्यातून आखून दिलेला एकेक बोगदा. बँकांचे, कारखान्यांचे, विमानतळाचा. लाल झाला होता तो विमानतळाचा. कुठेतरी तार तुटली असणार. अशा वेळी बोगद्याने आपणहून पर्यायी वाट धरायची, पण तिथली जागा एका सिनेमावाल्या कंपनीने आधीच अडवून ठेवली होती. त्यांची जागा थोडी आखडायची, की झालं. दोन ओळींचा हुकूम. तिने कळफलकावर बोटं ठेवली आणि फोन वाजला.

"बाळा, निघालीस का?" बाबा होते, विमानतळावरून. दादा त्यांना कायमचं आपल्याकडे घेऊन चालला होता, समुद्रापलीकडे. "दमाने ये. इथली सगळी यंत्रं बंद पडलीयत. रांग जागची हलत नाही. पुढे एक बाई तान्हं घेऊन उभी आहे, ते रडून रडून लाल झालंय. तुझा दादा नुसता धुमसतोय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला मेल्याला बरंच वाटलं बघ. आता भेट होईल आपली."

रजा मागितली होती, साहेबांनी दिली नव्हती. पाळी सुटल्याबरोबर धावत गेली असती तर बाबा निदान काचेपलीकडून दिसले असते. आता रेष लाल ठेवली तर विमान थांबेल, पण तिला उठता यायचं नाही. हिरवी केली तर ती सुटेल, आणि विमानही. बाबांचे गुडघे पाहता ते परत यायचे नाहीत, हे तिला ठाऊक होतं. बाबांनाही होतं.

पुढच्या पाळीचा मिशाळ दाराशी येऊन उभा होता, नजर बुटांवर.

"हे तू घेतोस का? बाबा चाललेत माझे."

"मी अजून काही पाहिलेलं नाही," मिशाळ बुटांना म्हणाला. "वाईट वाटतं गं. पण तू पाहिलंस, तू निस्तर."

"घे ना. आणि जरा सावकाश कर. विमानतळाचा आहे."

तेव्हा कुठे त्याने मान वर केली, पण पडद्याकडे नाही, तिच्याकडे. "सावकाश? अगं, माणसं अडकली असतील तिथे."

"माहितीये मला."

तिला सगळ्यांचाच राग आला. दादाचा, साहेबांचा, या मिशाळचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या डोळ्यांचा. थोडा वेळ ती हात मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. कुणी विचारलं असतं तर तपासतेय म्हणाली असती. पण फोन ठेवला तरी ते तान्हं काही तिच्या कानातून जाईना.

तिने दोन ओळी टाईप केल्या. रेष हिरवी झाली.

"सुटलीस," मिशाळ म्हणाला आणि तिच्या उठण्याआधीच खुर्चीला हात लावून उभा राहिला. "पळ आता, खाली टॅक्सी मिळेल."

ती पळाली. जिन्याच्या वळणावरच फोन वाजला.

"बाळा, चालू झालं गं सगळं. आमचा नंबर लागला. मला चाकाच्या खुर्चीतून आत नेतायत." मग नुसताच गलबला. तिला वाटलं फोन कटला. तेवढ्यात बाबांचा आवाज आला, "कुणाला एवढी घाई झाली होती, कुणास ठाऊक."