डावखुरे राजे

डावखुऱ्या चनमल्लप्पांना पंगतीत कुणी हसलं, की त्यांची बायको कमलम्मा म्हणायची, “सिनेमातले राजेबी डाव्याच हातानं जेवत्यात.” ती आपली समजूत घालते, असं त्यांना वाटायचं.

गावोगावच्या तंबूंना सिनेमे पुरवता पुरवता चनमल्लप्पांची कंपनी मोठी झाली आणि गुलबर्ग्याच्या पक्क्या टॉकीजलाही त्यांचाच सिनेमा लागला. तंबूत बायका सिनेमाच्या पडद्यामागं बसायच्या. इथं कमलम्मा पहिल्यांदाच समोर, नवऱ्याशेजारी बसली.

पडद्यावर राजा जेवायला लागला, तशी ती दचकली. “अवो, ह्यो उजव्या हातानं कामून जेवायलाय?”

पडद्यामागून सिनेमात डावं-उजवं उलट दिसतं, हे चनमल्लप्पांना आत्ता आठवलं. अंधारात त्यांनी डाव्या हातानं तिचा हात धरला.

“नवा हाय गं. शिकंल.”