बूच बसलं

धाकट्याच्या सँडलला तीन पट्टे होते. पाणी पहिल्या पट्ट्याला टेकलं होतं. पाच मिनिटांपूर्वी, आजोबांनी तळ्याच्या मध्यावर इंजिन बंद केलं तेव्हा, सँडलचा तळही भिजलेला नव्हता.

"बाबा, बोटीत पाणी येतंय," मुलांची आई म्हणाली.

"गळ ओढताना शिंतोडे उडतात." तिचे वडील इंजिनाजवळ मागच्या फळीवर बसले होते. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. त्यांनी खाली पाहिलंही नाही.

"शिंतोडे एवढे नसतात."

"तुझं मोजमाप प्रयोगशाळेत ठेव बाई. इथे मासे गप्प बसणाऱ्याला मिळतात." ते नातवंडांकडे वळले. "तुमची आई आंघोळीलासुद्धा जाकीट घालून जाईल."

मुलं हसली. दोघांच्याही अंगात नारिंगी जाकिटं होती. ती घालायला लावताना आईला धक्क्यावर वडिलांशी भांडावं लागलं होतं.

तेवढ्यात नऊ वर्षांच्या थोरलीच्या गळाच्या दोरीवरचा लाल तरंगता गोळा एकदा थरथरला आणि सरळ पाण्याखाली गेला.

"थांब. ओढू नकोस," आजोबा कुजबुजले. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "त्याला वाटू दे आपण गाफील आहोत. अजून. अजून... आता, कप्तानबाई!"

तिने काठी उचलली. वीतभर लांबीचा चंदेरी मासा हवेत गिरकी घेत आला. आजोबांनी दोन बोटांनी गळ सोडवला आणि मासा बोटीत टाकला. तो तडफडला नाही. शेपटी हलवत धाकट्याच्या पायाजवळून निघून गेला.

"आई! मासा बोटीत पोहतोय!" धाकटा टाळ्या पिटत म्हणाला.

कोणीच हसलं नाही.

"बूच!" आजोबा उभे राहिले. बोट एका अंगाला कलली. "बूच कोणाचं काम आहे?"

बोट धक्क्यावर वर ओढली की तिच्या तळाशी, मागच्या बाजूला असलेलं रबरी बूच काढायचं, म्हणजे साठलेलं पाणी वाहून जातं. पाण्यात ढकलण्याआधी ते परत लावायचं. राहिलं तर बोट वेगात असेपर्यंत कळत नाही, पाणी त्या भोकातून उलट बाहेर ओढलं जातं; थांबली की आत शिरतं. या घरात ते काम नेहमीच पोरांचं. बूच लावलं की पोराने ओरडायचं, "बूच बसलं!" मग इंजिनावरच्या माणसाने म्हणायचं, "निघालो!" आई सात वर्षांची होती तेव्हा कप्तानबाई तीच होती.

"मी विचारलं होतं," थोरली म्हणाली. "तुम्ही म्हणालात, 'मी बसवलंय, चल बस.'"

"उलट बोलू नकोस! एवढंसं काम सांगितलं तर तेही धड नाही. सगळ्यांना बुडवणार होतीस तू!"

थोरलीचा चेहरा आक्रसला. हातातली काठी तिने सोडली नाही.

आई गुडघ्यांवर बसली होती. वडिलांच्या दोन बुटांच्या मधून हात घालून तिने तळाचं भोक शोधलं. अंगठ्याएवढं. त्यावर तिने तळहात दाबून धरला. पाण्याचा जोर हाताला कळत होता. दुसऱ्या हाताने तिने आमिषाचा डबा धाकट्याकडे सरकवला.

"उपसून बाहेर टाक. मासा गेला तरी चालेल."

मग तिने मान वर केली. तिथून तिला वडिलांच्या सदऱ्याचा खिसा दिसत होता. चष्म्याच्या घराशेजारी काहीतरी गोल फुगलेलं होतं. तिने ते नीट पाहिलं. मग लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बाबा, खिसा."

"काय खिसा?"

"तुमचा खिसा बघा."

त्यांनी हात घातला. चष्म्याचं घर निघालं आणि त्यामागून काळं बूच. तळहातावर घेऊन त्यांनी ते असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कोणाची वस्तू होती.

"मग? मिळालं ना?" ते म्हणाले. "तोंड काय पाडून बसलात सगळे? घे, कप्तानबाई. बसव."

थोरलीने बूच घेतलं. आईने हात काढला, लेकीने बूच दाबलं आणि पिळून घट्ट केलं. सवयीने ती पुटपुटली, "बूच बसलं."

तिची कोणी माफी मागितली नाही.

"निघालो!" आजोबा मोठ्याने म्हणाले. "आणि घरी आजीला सांगायचं नाही हं कोणी. उगीच हसेल." त्यांनी इंजिनाची दोरी हातात घेतली.

गेल्या महिन्यात त्यांनी बोट धक्क्यावर आदळली होती. त्याआधी भलत्याच किनाऱ्याला लावून तिथल्या माणसांशी वाद घातला होता. दर वेळी आईने एक वाक्य मनात जुळवलं होतं, आणि दर वेळी जुन्या फोटोत लहानपणी ती ज्यांवर बसली होती ते त्यांचे खांदे आठवून गिळलं होतं.

तिने त्यांचं मनगट धरलं. तिचा तळहात अजून थंड होता आणि मधोमध भोकाचा गोल वळ उमटलेला होता.

"सोडा ती दोरी."

"अगं, काय झालं तुला?"

"तुम्ही विसरलात त्याचा राग नाही. तुम्ही तिच्यावर ढकललंत." तिचा आवाज चढला नाही, पण धाकट्याचा डबा हवेत थांबला. "उठा, बाबा. इथे मी बसते. आजपासून बोट तुमच्या हातात असताना माझी मुलं पाण्यावर येणार नाहीत."